नाक दाबलं, पण तोंड कुणाचं उघडलं?

नेदरलँड्स सरकारने २०२३ साली काढलेल्या एका नियमात ‘१.५० नॅनोमीटर’ असा आकडा आहे. चिप छापणारं एका विशिष्ट जातीचं यंत्र या आकड्याइतकं किंवा त्याहून अचूक असेल, तर ते युरोपीय संघाबाहेर पाठवण्याआधी सरकारी परवाना काढायचा. अचूकता जरा कमी असेल तर, निदान त्या नियमापुरतं, खुशाल विका. सिलिकॉनचे सहा-सात अणू रांगेत उभे केले तर जेवढी जागा अडवतील, तेवढं हे अंतर. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणारी ही रेष. पण तिच्या अलीकडे कोण नि पलीकडे कोण यावर अब्जावधी युरोंचे सौदे अडले किंवा सुटले.

निर्यात-निर्बंधांची बातमी आपण बहुतेक वेळा ‘अमेरिकेने बंदी घातली, चीनची कोंडी झाली’ एवढीच वाचतो. पण बंदी म्हणजे बाजाराच्या मधोमध ओढलेली रेष असते, आणि ती ओढली की दोन्ही बाजूंची माणसं आपापलं वागणं बदलतात. विकणारे बदलतात, घेणारे बदलतात आणि ज्यांना आजवर कुणी दारात उभं करत नव्हतं असे नवे विक्रेतेही पुढे येतात. हे कसं होतं ते समजायला आधी तो दीड नॅनोमीटर कसला आहे ते पाहू.

चिप म्हणजे मजल्यावर मजले चढवलेली इमारत. सिलिकॉनच्या गोल तबकडीवर, म्हणजे वेफरवर, प्रकाशाने नक्षी छापायची; नको तो भाग कोरून काढायचा; वर नव्या पदार्थाचा पातळ थर चढवायचा; धुवायचं, मोजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. आधुनिक चिपमध्ये अशा शेकडो पायऱ्या असतात. खालच्या मजल्यावरचा खांब जिथे संपतो, बरोबर तिथेच वरचा उभा राहिला पाहिजे. जुन्या रंगीत छपाईत लाल रंग जरा सरकला की चित्रातल्या बाईच्या ओठांचा रंग गालावर जायचा, आणि लोक हसून पान उलटायचे. इथे थर सरकला की चिप फुकट. एकाच यंत्रावर एकावर एक छापलेले दोन थर एकमेकांपासून किती सरकतात, त्याचं माप म्हणजे तो आकडा. या धंद्यात त्याला ‘ओव्हरले’ म्हणतात.

मग नियम करणाऱ्यांनी नेमकं हेच माप का धरलं? त्याचं उत्तर जाड टोकाच्या पेनात आहे. तुमच्याकडे जाड पेन आहे आणि बारीक, दाट रेघा हव्या आहेत. एका दमात त्या काढल्या तर सगळ्या एकमेकींत मिसळतील. म्हणून आधी लांब लांब रेघा काढायच्या, कागद पुन्हा तसाच बसवायचा आणि मधल्या फटींत दुसऱ्या रेघा काढायच्या. गरज पडली तर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पेन जाडच, पण रेघा दाट झाल्या. फक्त दर वेळी कागद अगदी जागच्या जागी बसला पाहिजे. हे ‘मल्टी-पॅटर्निंग’, आणि जागच्या जागी बसणं म्हणजेच ओव्हरले. ज्याच्याकडे बारीक पेन नाही, त्याला जाड पेनाने बारीक काम करायचं असेल तर ओव्हरलेवाचून गत्यंतर नाही. नियम लिहिणाऱ्याला धंदा चांगला कळत होता, हे या एका आकड्यावरून दिसतं.

बारीक पेन कुणाकडे आहे? जगात एकाच कंपनीकडे, नेदरलँड्समधल्या फेल्टहोफन गावातल्या एएसएमएलकडे. जाड पेन म्हणजे १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरणारी डीयूव्ही यंत्रं. त्यांतली सर्वांत पुढची ‘इमर्शन’ यंत्रं भिंग आणि वेफर यांच्यामध्ये पाण्याचा थर ठेवून छापतात. बारीक पेन म्हणजे ईयूव्ही, तरंगलांबी १३.५ नॅनोमीटर. हा प्रकाश दिवा लावून मिळत नाही. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगाने सोडायचे. प्रत्येक थेंबाला उडता उडता लेसरचा एक हलका तडाखा देऊन चपटा करायचा आणि लगेच दुसरा जोरदार तडाखा देऊन त्याचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, करायचा. त्या प्लाझ्मातून हवा तो प्रकाश निघतो. हवा त्याला शोषून घेते, म्हणून सगळं निर्वातात. काचही शोषून घेते, म्हणून भिंगांऐवजी आरसे. आरसे जर्मनीतल्या झाइसचे, लेसर जर्मनीतल्याच ट्रुम्फचा आणि प्रकाश तयार करणारा भाग अमेरिकेत सॅन डिएगोच्या सायमरचा. सायमर एएसएमएलने २०१३ साली विकतच घेतली.

या शेवटच्या नावात पुढच्या बऱ्याच राजकारणाचं मूळ आहे. ईयूव्हीचं पायाभूत संशोधन १९९७पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत, इंटेल आणि इतर कंपन्यांच्या पैशातून झालं. त्या काळी छपाई-यंत्रांत जपानच्या निकॉनचा दबदबा होता. पण अमेरिकेने त्या गटात एएसएमएलला प्रवेश दिला, निकॉनला दिला नाही. जपानी चिप-उद्योगाशी भांडण अजून ताजं होतं. पुढे काय झालं ते सर्वांसमोर आहे: निकॉन आणि कॅनन ईयूव्ही यंत्रं बाजारात आणूच शकल्या नाहीत. थोडक्यात, आज ज्या मक्तेदारीच्या जोरावर नाक दाबलं जातंय, ती मक्तेदारी घडण्यातही सरकारी दरवाजा कुणासाठी उघडला याचा वाटा होता. शुद्ध बाजारपेठ वगैरे या धंद्यात कधीच नव्हती.

यंत्रांचा हा बाजार मोजक्या हातांत आहे. छपाईत एएसएमएल, थर चढवणं आणि कोरणं यांत अमेरिकेच्या अप्लाइड मटेरिअल्स आणि लॅम रिसर्च, मोजमाप आणि दोष शोधणं यांत अमेरिकेचीच केएलए, वेफरवर रसायनाचा लेप देण्यापासून इतर अनेक कामांत जपानची टोकियो इलेक्ट्रॉन. पाच कंपन्या, तीन देश. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण त्यासाठी नाक बोटांच्या चिमटीत मावावं लागतं. इथे ते मावतं.

नियंत्रणाची हत्यारं कोणती

शीतयुद्धात पाश्चात्त्य देशांची कोकॉम नावाची समिती होती. सोव्हिएत गटाला काय विकायचं नाही ते ती ठरवायची. १९८७ साली उघड झालं, की तोशिबाच्या एका उपकंपनीने आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्गने सोव्हिएत संघाला पाणबुड्यांचे पंखे घडवणारी अचूक यंत्रसामग्री विकली होती. चिडलेल्या अमेरिकी खासदारांनी संसदेच्या आवारात तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. फोटो काढण्यापुरतं ते छान होतं. कोकॉम १९९४ साली संपली आणि १९९६ साली तिच्या जागी वासेनार करार आला. त्यात आज ४२ देश आहेत. पण निर्णय एकमताने व्हावे लागतात आणि सदस्यांत रशियाही आहे. त्यामुळे एखाद्या देशाला नेमून अडवायचं तर हा करार कुचकामी. म्हणून गेल्या काही वर्षांतली खरी हालचाल या कराराबाहेर झाली.

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याकडे आता चार तऱ्हेची हत्यारं आहेत. पहिलं, वस्तूंची यादी: अमुक गुणाचं यंत्र असेल तर परवाना लागेल. दुसरं, ग्राहकांची यादी: अमुक कंपनीला काहीही विकायचं तर परवाना लागेल. तिसरं जरा वेगळं आहे. यंत्र अमेरिकेत बनलेलंच नसलं, पण ते बनवताना अमेरिकी तंत्रज्ञान किंवा सॉफ्टवेअर वापरलं असेल, तर तेही आमच्या कायद्याखाली! हे कलम जुनंच आहे, पण २०२० साली ते ह्वावे या चिनी फोन-कंपनीविरुद्ध वापरलं गेलं आणि त्या सप्टेंबरमध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप-कंपनीला ह्वावेसाठी चिप बनवणं थांबवावं लागलं. चौथं हत्यार माणसांवर आहे.

हे चौथं नीट पाहायला हवं. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेल्या अमेरिकी नियमांनी प्रगत चिपच्या चिनी कारखान्यांना यंत्रं देण्यावर मर्यादा आणल्या. १४-१६ नॅनोमीटर किंवा पुढच्या पिढीच्या (आकडा लहान तेवढी पिढी नवी) लॉजिक, म्हणजे हिशेब करणाऱ्या चिप, १८ नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक डीरॅम (चालू कामाची मेमरी) आणि १२८ किंवा अधिक थरांची नँड (कायमच्या साठवणीची) मेमरी अशा सीमा आखल्या. सोबत एक ओळ होती: अमेरिकी नागरिक आणि अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनी परवान्याशिवाय अशा कारखान्यांना मदत करायची नाही. म्हणजे यंत्र कुठल्याही देशाचं असो, पाना हातात धरणारा अमेरिकी नको. एएसएमएलनेही आपल्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना चिनी ग्राहकांचं काम लगेच थांबवायला सांगितलं.

पान्यावर एवढा रोख का? कारण ही यंत्रं विकत घेऊन चालू करून विसरण्यातली नसतात. आरशांवर मळ जमतो, पंप झिजतात, कोरणाऱ्या यंत्राच्या आतला अस्तराचा भाग ठरावीक काळाने बदलावा लागतो, सॉफ्टवेअर जुळवून घ्यावं लागतं. पुरवठादार कंपनीचे तंत्रज्ञ मोठ्या कारखान्यांत जवळजवळ मुक्कामालाच असतात. फूजियान जिनह्वा या चिनी मेमरी-कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये तिचं नाव अमेरिकेच्या ग्राहक-यादीत गेलं आणि पुरवठादारांची माणसं सामान आवरून निघून गेली. नव्या कोऱ्या कारखान्यात यंत्रं होती, पण ती चालू करून देणारे नव्हते. काही महिन्यांतच उत्पादनाचा बेत बारगळला. (व्यापारी गुपितं चोरल्याच्या आरोपातून २०२४ साली अमेरिकी न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं, पण तोवर पाच वर्षं उलटून गेली होती.)

एकट्याने दाबलं तर बोट घसरतं

ऑक्टोबर २०२२च्या नियमांत एक उघड भोक होतं. अमेरिकी कंपन्यांनी विकायचं थांबवलं, पण डच आणि जपानी कंपन्यांनी थांबवलं नाही, तर? चीनला यंत्र मिळतंच, फक्त पैसे कॅलिफोर्नियाऐवजी टोकियोला जातात. आपल्याच माणसांचं गिऱ्हाईक तोडून शेजाऱ्याला द्यायचं, असला व्यवहार फार दिवस टिकत नाही. म्हणून जानेवारी २०२३मध्ये तिन्ही देशांत समझोता झाला. जपानने २३ प्रकारच्या सामग्रीवर २३ जुलै २०२३पासून परवाना लावला. नेदरलँड्सचा दीड नॅनोमीटरचा नियम १ सप्टेंबरला आला. ईयूव्ही तर आधीच बंद होतं. चीनच्या एसएमआयसी या चिप-कंपनीने मागवलेल्या यंत्राचा परवाना डच सरकारने २०१९पासून अडवून ठेवला होता.

भोक किती महागात पडतं, याचा दाखला याआधीचाही आहे. वेफरवर प्लाझ्माने कोरणारी यंत्रं अमेरिकेच्या नियंत्रित यादीत होती. २०१५ साली अमेरिकेने स्वतःच ते नियंत्रण काढलं. कारण साधं: शांघायची एएमईसी तशाच दर्जाची यंत्रं चीनमध्ये बनवू लागली होती. जी गोष्ट ग्राहकाला घरीच मिळते ती त्याला न विकून तोटा फक्त आपला. सबंध विषयाची किल्ली मला या प्रसंगात दिसते. निर्बंधाची ताकद यंत्र किती प्रगत आहे यावर नसते. ते दुसरीकडे मिळतं का, यावर असते. ईयूव्हीला पर्याय नाही, म्हणून एएसएमएलची पत अबाधित. कोरणं, धुणं, थर चढवणं यांत पर्याय उभे राहतात, म्हणून तिथल्या कंपन्यांच्या पोटात गोळा.

आणि पर्याय उभे करण्याचं काम निर्बंधच करतात, हा यातला पेच. चिप-कारखान्याचा व्यवस्थापक स्वभावाने भित्रा असतो, आणि असायलाच हवा. एका यंत्राने खोड काढली तर आठवड्याभराचे वेफर कचऱ्यात. चिनी व्यवस्थापकसुद्धा म्हणूनच वर्षानुवर्षं चिनी यंत्र टाळून लॅम किंवा टोकियो इलेक्ट्रॉन घ्यायचा. सरकारने कितीही अनुदान ओतलं तरी ही भीती जात नव्हती. आणि यंत्र तर खऱ्या कारखान्यात, खऱ्या वेफरवर, दिवसरात्र चालल्याशिवाय सुधारत नाही. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू देणार नाही, असा मामला. परदेशी पुरवठा उद्या तुटेल ही धास्ती बसल्यावर तोच व्यवस्थापक देशी विक्रेत्याला म्हणाला, आण तुझं यंत्र, बघू. बीजिंगच्या नॉरा आणि शांघायच्या एएमईसीची विक्री त्यानंतर झपाट्याने वाढली. मे २०२४मध्ये चीनने चिप-उद्योगासाठीच्या सरकारी निधीचा तिसरा टप्पा उभा केला, ३४४ अब्ज युआनचा. पण माझ्या मते पैशापेक्षा तो नाइलाजाने मिळालेला ग्राहकच या कंपन्यांना जास्त मोलाचा ठरला.

हे आधी एकदा घडून गेलं होतं. जुलै २०१९मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन रसायनांवर कडक परवाने लावले. त्यांत चिप धुण्या-कोरण्यासाठी लागणारं हायड्रोजन फ्लोराइड होतं. कोरियाचे कारखाने बंद पडले नाहीत. त्यांनी देशी उत्पादकांना हाताशी धरलं, इतर देशांतून माल आणला. मार्च २०२३मध्ये जपानने ते परवाने मागे घेतले, पण तोवर जपानी विक्रेत्यांचा बराच धंदा हातचा गेला होता.

रेष येतेय म्हटल्यावर झुंबड

आता रेषेच्या अलीकडचा भाग. नियम जाहीर होणं आणि लागू होणं यांत महिने जातात, आणि जुन्या पिढीच्या यंत्रांना तर अजूनही मोकळीक असते. तेव्हा ग्राहक काय करेल? जे मिळतंय ते उचलून ठेवेल. एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा २०२२ साली १४ टक्के होता. २०२३ साली २९ टक्के झाला. २०२४च्या पहिल्या दोन्ही तिमाहींत तो ४९ टक्क्यांवर होता. सेमी या उद्योगसंघटनेच्या आकड्यांनुसार २०२४ साली जगभरात सुमारे ११७ अब्ज डॉलरची चिप-यंत्रं विकली गेली, त्यांपैकी जवळजवळ ५० अब्जांची एकट्या चीनने घेतली. ज्याला विकायचं नाही म्हणून एवढा खटाटोप, तोच सर्वांत मोठा गिऱ्हाईक! या पैशातूनच पाश्चात्त्य कंपन्यांचं पुढच्या पिढीचं संशोधन चाललं, हेही लक्षात ठेवायला हवं. विक्री पूर्ण तोडा म्हणणाऱ्यांना या हिशेबाचं उत्तर द्यावं लागतं.

साठा केलेल्या जाड पेनांचं काय झालं ते ऑगस्ट २०२३च्या अखेरीस दिसलं. ह्वावेचा मेट ६० प्रो हा फोन बाजारात आला, तोही अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो चीनच्या दौऱ्यावर असताना. आतली चिप एसएमआयसीने ७ नॅनोमीटर पिढीच्या प्रक्रियेने बनवली होती, ईयूव्हीशिवाय. फटींत पुन्हा पुन्हा रेघा काढून. अनेकांना हा निर्बंधांचा पराभव वाटला. मला तो अर्धाच खरा वाटतो. टीएसएमसीने सात नॅनोमीटरची पहिली पिढी अशीच, डीयूव्हीवर बनवली होती. अशक्य असं त्यात काही नव्हतं. पण एकाच्या जागी तीन-चार छपाया म्हणजे तितका जास्त वेळ, तितकी जास्त यंत्रं आणि प्रत्येक फेरीत चुकायची नवी संधी. चिप बनते, पण महाग पडते आणि हवी तेवढी बनत नाही. निर्बंधांनी अडवलं ते ज्ञान नाही. अडवली ती किंमत आणि संख्या.

त्या फोननंतर रेष आणखी खाली सरकली. ऑक्टोबर २०२३मध्ये अमेरिकेने आपला ओव्हरलेचा आकडा २.४ नॅनोमीटरपर्यंत नेला, म्हणजे एएसएमएलची १९७०आय आणि १९८०आय ही आणखी जुनी यंत्रंही प्रगत चिनी कारखान्यांसाठी अडली. सप्टेंबर २०२४मध्ये डच सरकारने या दोन यंत्रांचा परवाना आपल्या हाती घेतला. आपल्या गावातल्या कंपनीचा माल कुणाला विकायचा हे वॉशिंग्टनने ठरवावं, हे त्यांना रुचणारं नव्हतंच. १९८०आय २०१५च्या सुमाराचं यंत्र. रेष खाली सरकते तशी ती अधिक जुन्या यंत्रांना गाठते आणि नेमक्या तिथेच नवी चिनी यंत्रं वर चढत येत असतात. छपाईत त्यांना अजून लांबचा पल्ला गाठायचा आहे, मोजमापाच्या यंत्रांतही. बाकीच्या खोल्यांत गर्दी वाढली आहे.

दाबलेलं नाक दुसऱ्यालाही असतं. गॅलियम आणि जर्मेनियम या धातूंच्या उत्पादनात चीनचा मोठा वरचष्मा आहे. त्याने १ ऑगस्ट २०२३पासून त्यांच्या निर्यातीवर परवाना लावला. २ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेने १४० नावं ग्राहक-यादीत घातली, त्यांत नॉराही होती. चीनने दुसऱ्याच दिवशी ते धातू अमेरिकेला देणं थांबवलं. २०२५ साली दुर्मीळ मृदा-मूलद्रव्यांवर परवाने आले. त्यांची चुंबकं अचूक मोटरींत बसतात, आणि अचूक मोटरींशिवाय वेफर जागच्या जागी बसत नाही. दीड नॅनोमीटरची चिमटी इथे उलट्या बाजूने लागते.

मधल्या मध्ये कोरियाची फरफट होते. सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांचे मोठे मेमरी-कारखाने चीनमध्ये आहेत. त्यांना अमेरिकी यंत्रं विनासायास नेण्याची सवलत होती. ती काढत असल्याचं अमेरिकेने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलं. चिनी मातीवरच्या कोरियन कारखान्यात अमेरिकी यंत्र दुरुस्त करायचं तर परवाना कुणी कुणाला मागायचा, हा प्रश्न आता वकिलांच्या पोटापाण्याचा झाला आहे.

डिसेंबर २०२४च्या त्याच नियमांत आणखी एक गोष्ट होती, तिची चर्चा कमी झाली. नियंत्रण यंत्रांपुरतं न राहता यंत्रांच्या आतल्या भागांपर्यंत पोचलं. कारण चिनी यंत्र उघडलं तर आत बरेचदा परदेशी व्हॉल्व्ह, परदेशी निर्वात पंप, परदेशी सिरॅमिक सापडतं. यंत्र अडवता येत नसेल तर त्याचे सुटे भाग अडवा, असा हा विचार. पण ईयूव्ही यंत्र जगात एक कंपनी बनवते. व्हॉल्व्ह बनवणारे अनेक देशांत, अनेक कारखान्यांत आहेत, आणि त्यांचं दुसरं गिऱ्हाईक औषधं किंवा टीव्हीचे पडदे बनवणारं असतं. त्यांतल्या एखाद्याने खोका भरला, तर तो शेवटी कुठल्या कारखान्यातल्या कुठल्या यंत्रात जाणार, हे खोका भरणाऱ्यालाही माहीत नसतं.